केमिकल पील करायचंय? आधीचा पंधरवडा आणि नंतरचा पंधरवडा नीट सांभाळा

माझी भाची स्कार्फ न सोडताच दुकानात शिरली, तेव्हाच काहीतरी बिनसल्याचं मला कळलं. "आत्या, जरा आत ये की," एवढंच म्हणाली. मागच्या खोलीत औषधांच्या खोक्यांमध्ये उभं राहून तिनं स्कार्फ काढला. वरच्या ओठावर दोन्ही बाजूंना तपकिरी पट्टे उमटले होते, ओल्या बोटानं कुणी काथ ओढावा तसे. पील करून सहा दिवस झाले होते आणि साखरपुडा नऊ दिवसांवर आला होता. पीलच्या आदल्या दिवशी तिनं वरच्या ओठाचं वॅक्सिंग केलं होतं. पील करणाऱ्यांनी ते विचारलं नाही आणि ते सांगायचं असतं हे हिला ठाऊक नव्हतं. ते पट्टे जायला आठ महिने लागले.

परभणीत माझं औषधाचं दुकान आहे. चेहऱ्याच्या ट्यूबा मागणारी गिऱ्हाइकं रोज येतात, त्यामुळे हा विषय तसा माझ्या रोजच्या कामातला. पण भाचीच्या त्या आठ महिन्यांत मी जेवढं वाचलं आणि त्वचारोगतज्ज्ञ मॅडमना जेवढं विचारलं, तेवढं त्याआधीच्या सगळ्या वर्षांत विचारलं नव्हतं. पुढे वांगासाठी मी स्वतः त्याच मॅडमकडे पील करून घेतलं. खुर्चीतली दहा-पंधरा मिनिटं सगळ्यात सोपी असतात. पील साधतं किंवा बिघडतं ते त्याच्या आधीच्या पंधरा दिवसांत आणि नंतरच्या पंधरा दिवसांत. आपली सावळी कातडी आणि आपलं ऊन, या दोन्हींमुळे मराठवाड्यात तर हे फारच खरं आहे.

पील म्हणजे नेमकं काय होतं

हरभऱ्याच्या शेतात पहाटे हात घातलेल्या माणसाला हे लगेच कळेल. पानांवर जी आंब असते ती आम्लच असते, त्यात मॅलिक आणि ऑक्झॅलिक ही आम्लं असतात. डहाळे खाताना ओठ चुरचुरतात, दिवसभर हरभरा उपटला की बोटांची कातडी हुळहुळते, ती या आंबेमुळे. केमिकल पीलमध्येही आम्लच असतं, फक्त ते मोजून घेतलेलं, ठरावीक तीव्रतेचं आणि घड्याळ लावून लावलेलं असतं. कातडीच्या सगळ्यात वरच्या मेलेल्या पेशी एकमेकींना धरून असतात. आम्ल ती पकड सैल करतं, तो थर सुटतो आणि खालून नवी कातडी वर येते.

आम्ल किती खोल गेलं यावर सगळं ठरतं. वरवरचं पील फक्त बाहेरच्या थरापुरतं राहतं. मध्यम पील त्याच्या खालच्या थराला पोचतं. खोल पील आणखी आत जातं आणि आपल्यासारख्या कातडीसाठी ते नकोच. फिनॉलचं खोल पील करताना तर हृदयाच्या ठोक्यांवर यंत्रानं लक्ष ठेवावं लागतं, कारण फिनॉल रक्तात उतरून ठोके बिघडवू शकतं. कुणी सहज गप्पांत खोल पील सुचवलं, तर तिथून उठून या.

सावळ्या कातडीचा धोका वेगळा का, हे आपल्याला रोज दिसतं. डास चावला, तव्याचा चटका बसला, पिंपल फोडलं, की लाली ओसरते आणि त्या जागी काळा डाग महिनोन्‌महिने राहतो. कातडीला जरा इजा झाली की आपल्या रंगपेशी जास्त रंग ओततात. त्यामुळे ज्या पीलनं गोऱ्या कातडीवर नुसती लाली येते, तेच पील आपल्याकडे बेताबाहेर गेलं तर डाग घालवायला गेलेलं माणूस नवा डाग घेऊन घरी येतं. तुमच्या कातडीचा स्वभाव जाणून घ्यायचा असेल तर मागच्या वर्षी उठलेल्या पिंपलचं किंवा भाजल्याचं काय झालं ते आठवा. तो डाग सहा-सहा महिने रेंगाळला असेल, तर डॉक्टरांना हे अगदी पहिल्या वाक्यात सांगा.

पहिली पायरी : पील हवंय कशासाठी, हे ठरवा

पिंपलचे सपाट काळे डाग, सारखे उठणारे बारीक पिंपल, निस्तेज आणि खडबडीत पोत, उन्हानं आलेला काळसरपणा, बारीक रेषा, यांवर वरवरच्या पीलचा चांगला उपयोग होतो.

पिंपलचे खड्डे वरवरच्या पीलनं भरत नाहीत. त्यांचे उपचार वेगळे असतात आणि ते जास्त वेळ घेतात. खड्ड्यांसाठी सहा सिटिंगचं साधं पील विकणारा माणूस तुमचे पैसे वाया घालवतोय.

वांगाबद्दल मी स्वतःच्या चेहऱ्यावरून सांगते. दुसऱ्या बाळंतपणानंतर माझ्या दोन्ही गालांवर वांग आले. पीलनं ते फिके झाले, गेले नाहीत. ऊन, चुलीची किंवा गॅसची धग, गर्भनिरोधक गोळ्या, गरोदरपण, यांतलं काहीही त्यांना परत गडद करू शकतं. वांगावर पील हा जोडीचा उपचार आहे. मुख्य काम रोजची सनस्क्रीन आणि डॉक्टरांनी दिलेली मलमं करतात. "एका पीलमध्ये वांग साफ" ही जाहिरात दिसली की पुढे चला.

पीलनं माणूस गोरा होत नाही. जन्माचा रंग तोच राहतो, वरून चढलेला काळेपणा तेवढा उतरतो. पोरींना "लग्न जमायचंय, जरा उजळून घे" असं म्हणणाऱ्या घरच्यांनी एवढं समजून घेतलं, तर पोरीचा चेहराही वाचेल आणि मनही.

फिकट चट्टा असेल आणि त्यावर टाचणी टोचली किंवा गरम लागलं तरी कळत नसेल, तर त्यावर पील, क्रीम काहीही नको. तो कुष्ठरोगाचा चट्टा असू शकतो. त्याचा उपचार सरकारी दवाखान्यात फुकट होतो आणि वेळेत घेतला तर माणूस पूर्ण बरा होतो. तसंच एखादा तीळ अचानक वाढायला, रंग बदलायला किंवा रक्ताळायला लागला असेल तर तोही आधी डॉक्टरांना दाखवा.

दुसरी पायरी : कुणाकडे जायचं

माझं मत स्पष्ट आहे. पील त्वचारोगतज्ज्ञाकडे करायचं. पाटीवर "स्किन क्लिनिक" लिहिलंय म्हणून आत त्वचेचा डॉक्टर बसलेला असतोच असं नाही. पदवी वाचा. एमबीबीएसनंतर त्वचारोगात एमडी, डीएनबी किंवा पदविका असायला हवी. नोंदणी क्रमांक विचारायला लाजू नका. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या संकेतस्थळावर तो तपासता येतो. आणि हेही विचारा : पील डॉक्टर स्वतः लावणार की मदतनीस? मदतनीस लावणार असेल तर डॉक्टर त्या वेळी खोलीत असतील का?

पार्लरवाल्या ताई मेहनतीनं धंदा करतात, त्यांच्याबद्दल माझ्या मनात राग नाही. पण चेहरा पांढरा पडायला लागला, फोड उठला, डोळ्यात थेंब गेला, तर त्या क्षणी काय करायचं याचं शिक्षण त्यांना मिळालेलं नसतं आणि औषध लिहून द्यायचा अधिकारही नसतो.

गावाकडून यायचं असेल आणि खासगी दवाखान्याची फी जड वाटत असेल, तर आजाराचं निदान तरी सरकारी मेडिकल कॉलेजच्या त्वचारोग विभागात करून घ्या. छत्रपती संभाजीनगरचं घाटी रुग्णालय, अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ महाविद्यालय, नांदेडचं शंकरराव चव्हाण महाविद्यालय, लातूरचं विलासराव देशमुख महाविद्यालय, यांतलं एखादं तरी एसटीच्या टप्प्यात असतंच. बऱ्याच जणांना तिथे गेल्यावर कळतं की आपल्याला पीलची गरजच नव्हती, दोन मलमं आणि सनस्क्रीन पुरेशी होती.

घरी ऑनलाइन मागवून स्वतःच पील लावायचा विचार असेल तर तो सोडून द्या. अमेरिकेच्या एफडीएनं (तिथल्या अन्न आणि औषध प्रशासनानं) जुलै २०२४ मध्ये याबद्दल लोकांना जाहीर इशारा दिला. तीव्र आम्लाची पीलं घरी वापरल्यानं कातडी भाजणं, सूज, संसर्ग आणि कायमचे डाग असे प्रकार होऊ शकतात. बाटलीवरची टक्केवारी अर्धीच गोष्ट सांगते. तेच ३० टक्के ग्लायकोलिक आम्ल एका बाटलीत सौम्य आणि दुसऱ्या बाटलीत जहाल असू शकतं, कारण त्याची आम्लता किती ठेवलीय यावर जोर ठरतो. लेबल वाचून घरबसल्या हे ठरवता येत नाही.

तिसरी पायरी : डॉक्टरांपुढे काहीही लपवू नका

इथे मी थोडी जास्त थांबणार आहे, कारण सगळ्यात जास्त चुका इथेच होतात.

आधी ट्यूबेबद्दल. माझ्या काउंटरवर येऊन बायका आणि पुरुषही एखाद्या ट्यूबेचं रिकामं टोक दाखवतात आणि म्हणतात, "हीच द्या, हिनं चेहरा लई उजळतो." त्यांतल्या बऱ्याच ट्यूबांमध्ये स्टेरॉइड असतं. काहींत स्टेरॉइड, रंग फिका करणारं हायड्रोक्विनोन आणि कातडीचा थर लवकर बदलणारं ट्रेटिनॉइन असं तिन्ही एकत्र असतं. ही औषधं डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच द्यायची असतात. मी चिठ्ठीशिवाय देत नाही म्हणून काही गिऱ्हाइकं चिडून जातात, जाऊ देत. पहिले काही आठवडे चेहरा खरोखर उजळतो. पुढे कातडी पातळ होते, लालसर नसा दिसायला लागतात, ट्यूब थांबवली की आग होते आणि पिंपल उसळतात, आणि माणूस परत तीच ट्यूब लावतो. अशा पातळ झालेल्या कातडीवर पीलचं आम्ल ठरलेल्यापेक्षा खोल उतरतं. एक ताई चार वर्षं अशी ट्यूब लावत होत्या आणि डॉक्टरांना म्हणाल्या, "मी तर नुसती साधी क्रीम लावते." त्यांच्या मनात ती साधीच होती, कारण शेजारणीनं दिली होती. म्हणून मी सगळ्यांना सांगते, चेहऱ्याला लावता त्या सगळ्या ट्यूबा, डब्या, साबण, उटणी एका पिशवीत घाला आणि पिशवीच डॉक्टरांच्या टेबलावर ठेवा. नावं आठवायची गरज नाही.

गोळ्यांचंही तसंच. पिंपलसाठी आयसोट्रेटिनॉइनच्या कॅप्सूल चालू असतील किंवा गेल्या सहा महिन्यांत घेतल्या असतील, तर सांगा. मध्यम किंवा खोल पीलसाठी साधारण सहा महिने थांबायला सांगतात, वरवरच्या पीलचा निर्णय डॉक्टर कातडी बघून घेतात. पिंपलसाठीच दिली जाणारी डॉक्सिसायक्लिन उन्हाला कातडी हळवी करते, तेही सांगा. ॲस्पिरिननं कधी अंगावर पित्त किंवा सूज उठली असेल तर सॅलिसिलिक आम्लाचं पील तुमच्यासाठी नाही. गर्भनिरोधक गोळ्या वांगाशी जोडलेल्या असतात, म्हणून त्याही सांगा.

गरोदर असाल, बाळासाठी प्रयत्न चालू असतील किंवा बाळ अंगावर पीत असेल, तर संकोच न करता पहिल्यांदा तेच सांगा. रेटिनॉलचं (अ जीवनसत्त्वाच्या प्रकाराचं) पिवळं पील गरोदरपणात अजिबात चालत नाही, सॅलिसिलिक आणि टीसीए (ट्रायक्लोरोअ‍ॅसेटिक आम्ल) हेही टाळतात. नवऱ्यासमोर किंवा सासूबाईंसमोर बोलायला अवघड वाटत असेल तर डॉक्टरांना "एकटीशी बोलायचंय" असं सांगा, ते सगळ्यांना बाहेर बसवतात.

ताप येऊन गेल्यावर ओठाच्या कडेला पाण्याच्या बारीक फोडांचा घोस कधी उठला होता का? ती नागिणीच्या जातीची विषाणूची लागण असते आणि पीलनंतर ती चेहराभर पसरू शकते. सांगितलं तर डॉक्टर आधीच गोळ्या सुरू करतात. कान टोचल्यावर गाठ वाढली होती का? मग जखम भरताना तुमची कातडी जास्त मांस बांधते, हेही त्यांना हवं असतं. मधुमेह, जखम लवकर न भरणं, नुकताच केलेला लेझर, चेहऱ्यावर आत्ता असलेला एक्झिमा किंवा उघडी जखम, सगळं सांगायचं.

शेवटचं सांगायचं ते कामाचं. तुम्ही शेतात जाता का, रोज भट्टीपुढे उभं राहता का, स्कूटीवरून दुपारी शाळा गाठता का? हे कुणी विचारत नाही, म्हणून आपणच सांगावं.

चौथी पायरी : कोणतं पील, याचा अंदाज

निवड डॉक्टरांची, पण नाव ऐकलं की आपल्याला चार गोष्टी माहीत असाव्यात. ग्लायकोलिक आम्ल उसात सापडतं, दवाखान्यात वापरतात ते बहुतेक कारखान्यात बनवलेलं असतं. त्याचा कण लहान असल्यानं ते भरभर आत शिरतं, म्हणून वेळेवर थांबवावं लागतं. पीलसाठी ते २० ते ७० टक्क्यांपर्यंत वापरतात आणि पहिल्याच वेळी ७० टक्के कुणी लावत असेल तर नको म्हणा. लॅक्टिक आणि मँडेलिक आम्लं सावकाश शिरतात, त्यामुळे सावळ्या आणि नाजूक कातडीला बऱ्याचदा त्यांच्यापासून सुरुवात करतात. सॅलिसिलिक २० ते ३० टक्के घेतात. ते तेलात मिसळतं म्हणून तेलकट कातडीच्या रंध्रांत उतरतं आणि पिंपलवर चांगलं चालतं. टीसीए कमी तीव्रतेत वरवरचं काम करतं, ३५ टक्क्यांना मध्यम खोली गाठतं, आणि आपल्या कातडीवर ते फार सांभाळून, अनुभवी हातानंच लावायचं. पिवळं पील चेहऱ्यावर काही तास ठेवून घरी धुवायचं असतं, त्या दिवशी चेहरा पिवळा दिसतो म्हणून घाबरू नये.

पाचवी पायरी : तारीख

मार्च संपताना आपल्याकडे ऊन अंगावर यायला लागतं आणि एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो. त्या दिवसांत पील करायचं आणि मग दुपारी बाहेर पडायचं, हे जमत नाही. दिवाळीनंतर ते फेब्रुवारीच्या मध्यापर्यंतचा काळ सगळ्यात बरा. पावसाळ्यातही करता येतं, मात्र आभाळ आलं म्हणून सनस्क्रीन सोडायची नाही, ढगांतूनही किरणं येतात.

पण याच हिवाळ्यात कापसाची वेचणी असते, पुढे तूर, मग हरभरा. शेतात राबणाऱ्या बाईला "आठ दिवस उन्हात जाऊ नका" सांगणं सोपं आणि तिला ते पाळणं अशक्य. सलग आठ-दहा दिवस खरोखर सावलीत राहता येणार नसतील तर पील करूच नये, असं मी सरळ सांगते. त्याऐवजी डॉक्टरांनी दिलेलं रात्रीचं मलम, सकाळी सनस्क्रीन, डोक्यावरून नीट ओढलेला पदर किंवा रुमाल, यानं वेळ लागेल पण नुकसान होणार नाही.

लग्नाचा हिशेब वेगळा करा. हळदीच्या दिवशी उटणं, हळद, त्यात हातांनी चोळणं, वर बाहेर मांडवात बसणं. नुकत्याच सोललेल्या कातडीला हे सगळं झेपत नाही. शेवटचं वरवरचं पील हळदीच्या किमान तीन-चार आठवडे आधी झालेलं असावं, आणि आयुष्यातलं पहिलंच पील असेल तर त्याहून बरंच आधी सुरुवात करा, म्हणजे कातडी कशी वागते ते कळतं. धुळवड आणि रंगपंचमीलाही हेच लागू.

सहावी पायरी : आधीचा पंधरवडा

चांगले डॉक्टर पहिल्याच भेटीत पील लावत नाहीत. दोन ते चार आठवडे आधी कातडी तयार करायला मलमं देतात, रात्री लावायचं ट्रेटिनॉइन किंवा हायड्रोक्विनोनचं, किंवा कमी तीव्रतेचं ग्लायकोलिक. यानं पील सगळीकडे सारखं उतरतं आणि नंतर काळं पडायची भीती कमी होते. रोजची सनस्क्रीन याच दिवसांत अंगवळणी पाडा. ज्याला आधी रोज लावणं जमलं नाही त्याला नंतरही जमत नाही, हे मी गिऱ्हाइकांत बघितलंय.

पीलच्या आधी किमान आठवडाभर थ्रेडिंग, वॅक्सिंग, ब्लीच, केस काढायची क्रीम, स्क्रब, फेशियल, वाफ, सगळं बंद. वॅक्स नुसते केस उपटत नाही, कातडीचा वरचा थरही सोबत नेतो. माझ्या भाचीच्या ओठावर झालं ते यामुळेच. ट्रेटिनॉइन किंवा ॲडापॅलिन ही पिंपलची मलमं लावत असाल तर ती तीन ते सात दिवस आधी थांबवायला सांगतात, नेमका दिवस विचारून घ्या. पुरुषांनी त्या दिवशी दाढी करून जाऊ नये. चेहऱ्यावर उन्हाचा चटका बसलेला असेल, पिंपल फुटलेलं असेल, सर्दीतापानं ओठाला फोड आले असतील, तर फोन करून तारीख पुढे ढकला.

पहिल्या वेळी कानामागे किंवा जबड्याच्या कडेला थोडंसं लावून चाचणी करून घ्या. डॉक्टर म्हणाले नाहीत तर तुम्ही म्हणा.

सातवी पायरी : खुर्चीत

माझ्या पहिल्या पीलच्या दिवशी मॅडमनी आधी तिन्ही बाजूंनी फोटो काढले आणि संमतीपत्र वाचायला दिलं. ते मराठीत नसेल तर वाचून समजावून मागा. मग चेहरा धुऊन त्यावरचं तेल पुसून काढलं. डोळ्यांच्या कोपऱ्यात, नाकपुड्यांच्या घडीत आणि ओठांवर व्हॅसलिन लावलं, कारण अशा खाचांत आम्ल साचतं आणि भाजतं. कॉन्टॅक्ट लेन्स असतील तर काढून ठेवायच्या. डोळे मिटलेले. टेबलावर पाण्यात भिजवलेले कापसाचे बोळे आणि खाण्याच्या सोड्याचं द्रावण आधीच तयार ठेवलेलं होतं. हे दिसलं नाही तर सुरू करण्याआधी विचारा.

ब्रश कपाळावरून सुरू झाला, मग गाल, नाक, हनुवटी. समोर छोटा पंखा. पहिल्या अर्ध्या मिनिटात काही नाही, मग मुंग्या डसाव्यात तशी चुरचुर. मॅडम दर काही सेकंदांनी विचारत होत्या, "दहापैकी किती?" मी चार म्हणाले, मग पाच. नाकाच्या बाजूला एका ठिकाणी अचानक आग वाढली तशी मी सांगितली, आणि त्यांनी वेळ संपायची वाट न बघता तिथे लगेच द्रावण लावून ते थांबवलं. त्या जागी आज काहीही डाग नाही. म्हणून गप्प बसून सोसायचं नाही. "सहन कर, तरच गुण येईल" असं कुणी म्हणालं तर ते चूक आहे.

ग्लायकोलिक असं वेळेवर थांबवावं लागतं. सॅलिसिलिक लावलं की चेहऱ्यावर पांढरी भुकटी उमटते, ती आम्लाचेच स्फटिक असतात आणि पुसून जातात. टीसीएनं येणारा पांढरेपणा मात्र कातडीच्या आतला असतो आणि तो किती खोल गेलं याची खूण असतो. शेवटी थंड पट्ट्या, मॉइश्चरायझर, सनस्क्रीन. जाताना स्कार्फ किंवा रुमाल, छत्री, आणि शक्यतो दुसऱ्या कुणाची गाडी. मी संध्याकाळी पाचनंतरची वेळ मागून घेतली होती, तुम्हीही तशीच घ्या.

आठवी पायरी : नंतरचा पंधरवडा

पहिल्या दिवशी लाली आणि उष्ण वाटणं. दुसऱ्या दिवशी चेहरा ताणल्यासारखा होतो. तिसऱ्या ते सहाव्या दिवशी तोंडाच्या आणि नाकाच्या कडेनं कोंड्यासारखे पापुद्रे सुटतात. काहींचे सुटतही नाहीत, आणि पापुद्रे सुटले नाहीत म्हणून पील वाया गेलं असं नाही. मध्यम पील असेल तर हे सगळं एक ते दोन आठवडे चालतं.

पापुद्रा ओढायचा नाही. आरशापुढे उभं राहिलं की हात आपोआप जातो, म्हणून नखं कापून टाका. ओढलेला पापुद्रा खालची कच्ची कातडी उघडी पाडतो आणि तिथे हमखास डाग बसतो.

चेहरा दिवसातून दोनदा साध्या पाण्यानं आणि सौम्य क्लीन्झरनं. आमच्याकडे बोअरचं पाणी एवढं जड आहे की साबणाला फेस येत नाही आणि चेहरा कोरडा ठणठणीत होतो. मी त्या आठवड्यात तोंड धुवायला जारचं पाणी वापरलं. टॉवेलनं घासायचं नाही, टिपायचं. डॉक्टरांनी सांगितलेलं मॉइश्चरायझर दिवसातून चार-पाच वेळा तरी लावा. हळद-दही, बेसन, लिंबू, कोरफडीचा ताजा गर, टूथपेस्ट, घरचं कितीही गुणाचं असलं तरी पूर्ण बरं होईपर्यंत चेहऱ्यापासून लांब. ट्रेटिनॉइन आणि ग्लायकोलिक परत कधी सुरू करायचं ते विचारून घ्या.

सनस्क्रीनमध्ये एसपीएफ ३० च्या वर आणि झिंक ऑक्साइड असलेली बघा. वांग असतील तर रंगाची छटा असलेली घ्या, तिच्यातलं आयर्न ऑक्साइड डोळ्यांना दिसणारा प्रकाशही अडवतं, आणि तो प्रकाशही वांग गडद करतो. चेहरा आणि मान मिळून तर्जनी आणि मधलं बोट भरून घ्यायची, करंगळीच्या टोकावर घेतलेली ठिपक्याएवढी पुरत नाही. बाहेर असाल तर दर दोन-तीन तासांनी परत. पहिले काही दिवस भाकरीच्या चुलीपुढे बसू नका, भाकरी दुसऱ्या कुणीतरी थापावी. घरातल्या पुरुषांनी हे आपणहून करावं, एवढी माझी विनंती आहे. व्यायामशाळा, जोराचा घाम, वाफ, पोहणं हेही थांबवा.

आग कमी होण्याऐवजी वाढत गेली, फोड आले, पिवळी खपली किंवा पू दिसला, पाण्याच्या बारीक फोडांचा घोस उठला, ताप आला, डोळा लाल झाला, किंवा एखाद्या जागी काळपट छटा यायला लागली, तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोटो पाठवा आणि भेटा. स्वतःच्या मनानं स्टेरॉइडची ट्यूब लावू नका. काळेपणा पहिल्या आठवड्यात पकडला तर लवकर आटोक्यात येतो. भाची लाजेपायी सहा दिवस घरात बसली, ते सहा दिवस तिला फार महाग पडले.

सिटिंग आणि पैसे

वरवरच्या पीलचा परिणाम एकदम दिसत नाही. साधारण चार ते सहा सिटिंग, मध्ये दोन ते चार आठवड्यांचं अंतर. म्हणून एका सिटिंगचा दर विचारून थांबू नका. सगळ्या सिटिंग, आधीची मलमं, सहा महिन्यांची सनस्क्रीन, येण्या-जाण्याचं भाडं, असा पूर्ण आकडा कागदावर मांडा. बऱ्याच जणांच्या हातात पीलपुरते पैसे असतात आणि सनस्क्रीन दुसऱ्या महिन्यातच संपते. दोन्ही झेपत नसेल तर आधी सनस्क्रीन घ्या. आणि सहा सिटिंगचे पैसे एकदम भरून पॅकेज घेऊ नका. पहिलं पील तुमच्या कातडीला कसं मानवतं ते बघूनच पुढचं ठरवायचं असतं.

प्रत्येक सिटिंगआधी त्याच खिडकीजवळ, त्याच वेळी, पावडर न लावता फोटो काढून ठेवा. तिसऱ्यानंतरही फोटोत काही फरक दिसत नसेल तर चौथ्याआधी डॉक्टरांपुढे ते फोटो ठेवून विचारा, की निदान तरी बरोबर आहे का. माझ्या मॅडमनी माझ्या बाबतीत चौथ्यानंतर स्वतःच थांबवलं. "आता सनस्क्रीन आणि रात्रीचं मलम, पुढच्या दिवाळीनंतर बघू," म्हणाल्या.